वीसपैकी सतरा

१९९६ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत प्रियदर्शिनी आमच्या गाळ्यावर आली, ती गळ्यात कॅमेरा, हातात भिंग आणि पिशवीत शाळेतली सहा इंची पट्टी घेऊन. कान्हानाना कांद्याच्या थप्पीवर बसून तंबाखू मळत होते. त्यांनी वरूनच आपल्या माथाडींच्या टोळीला सांगून टाकलं, की सीआयडी आलेली आहे, ज्यानं ज्यानं काही केलं असेल त्यानं मागच्या दारानं निघावं.

वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात मी मापाडी होतो. मापाडी म्हणजे वजन करणारा. गोणी भरली की काट्यावर यायची, मी वजन पुकारायचो, गोणीवर खडूनं नंबर टाकायचो, आणि माथाडींच्या टोळीतला कुणीतरी तिथल्या तिथं गोणीचं तोंड शिवून ती पाठीवर घ्यायचा. टोळी सगळी सातारकडची. मुकादम मानसिंग हा प्रियदर्शिनीचा बाप. तिची आई शालन त्याच गाळ्यावर कांदा निवडायला बसायची. राहायला ते घणसोली गावात, एका भाड्याच्या खोलीत.

लहानपणी शाळेला सुट्टी असली की ही मुलगी आईबरोबर बाजारात यायची आणि माझ्या काट्याशेजारी रिकाम्या गोणपाटावर बसायची. मी तिला एक खेळ लावून दिला होता. कांदा हातात घ्यायचा, वजन सांगायचं, मग काट्यावर ठेवून बघायचं. सांगितलेलं चुकलं तर कांदा बदलायचा नाही, आपला आकडा का चुकला ते शोधायचं. आठ वर्षांची असताना तिनं मला विचारलं होतं, की काका, काटाच चुकत असेल तर? तेव्हापासून रोज सकाळी रिकामा काटा शून्यावर आहे का, हे ती बघायची आणि मगच मला काम करू द्यायची.

तर ही मुलगी आता एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. विषय फॉरेन्सिक सायन्स. गुन्हा घडला तिथं जे काही मागं राहतं, केस, धागा, मातीचा कण, कागदावरची सही, त्यावरून खरं काय झालं ते शोधायचं शास्त्र. तिला जागा मिळाली होती मध्य प्रदेशातल्या एका विद्यापीठात. एक रात्र आणि अर्धा दिवस रेल्वेत बसायचं, मग वसतिगृह. जाताना शालननं तिला जुन्या लुगड्यांची, स्वतः शिवलेली वाकळ पांघरायला बांधून दिली होती आणि महिनाभर कुणाशी धड बोलली नव्हती. मानसिंगला वाटत होतं, पोरगी तिकडे मुडदे फाडते. ते डॉक्टर करतात, आम्ही नाही, हे तिनं त्याला चार वेळा समजावलं होतं. तो मान हलवायचा आणि पाचव्यांदा तेच विचारायचा.

त्या सुट्टीत ती एक काम घेऊन आली होती. तिच्या सरांनी वर्गाला सांगितलं होतं, की आपापल्या गावी जा, माणसं रोज हातानं करतात असं एखादं काम शोधा, आणि केलेलं काम नुसतं पाहून ते कोणी केलं हे सांगता येतं का, याची परीक्षा घेऊन या. ज्याची परीक्षा सगळ्यात पक्की असेल, त्या एकाच विद्यार्थ्याला मुंबईतल्या सरकारी प्रयोगशाळेत सहा महिने काम करायला मिळणार होतं. खरी प्रकरणं, खरे सूक्ष्मदर्शक. आणि मुंबई म्हणजे राहायला घरी, घणसोलीत. शालननं फळीवरचे डबे खाली काढून तिच्या पुस्तकांसाठी जागासुद्धा करून ठेवली होती. रविवारी संध्याकाळी प्रियदर्शिनीची परतीची गाडी होती, आणि त्याच्या आत परीक्षा पुरी व्हायला हवी होती.

काय तपासायचं, हे तिला बुधवारी सकाळी बापाचा डबा द्यायला आली तेव्हा सापडलं. मानसिंग एका गोणीचं तोंड शिवत होता. गोणपाट दुमडायचं, दाभणात सुतळी, सहा-सात टाके, दोन्ही टोकांना गोणीचे कान बांधायचे, गाठ मारायची आणि दातानं सुतळी तोडायची. पुरं अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही. आमच्यापैकी कुणीही जन्मात त्या टाक्यांकडे पाहिलं नव्हतं. ती पाहत राहिली. मग डबा माझ्या काट्यावर ठेवून ती शेजारच्या गोणीशी वाकली, मग तिच्या पलीकडच्या. परत आली तेव्हा तिचे डोळे चमकत होते.

"काका, या दोन गोणी एकाच माणसानं शिवलेल्या नाहीत," ती म्हणाली. "अक्षरासारखं आहे हे."

टोळीत शिवणारे चौघे. मानसिंग, कान्हानाना, जयप्रकाश आणि कुलदीप. तिनं चौघांच्या पाच-पाच गोणी पाहिल्या, प्रत्येक टाका पट्टीनं मोजला, वहीत चौकोन आखून आकडे लिहिले, फोटो काढले. आणि तिला जे दिसेल ते ती आनंदानं मोठ्यानं सांगत सुटली. नाना गाठ दोनदा मारतात आणि शेपूट लांब सोडतात. कुलदीपदादाचे टाके लांब आणि तिरके. जयप्रकाशकाका सगळ्यांच्या उलट, पलीकडच्या कानापासून सुरुवात करतात. आबांचे, म्हणजे मानसिंगचे, टाके जवळजवळ, आणि कानाला एक वेढा जास्त. टोळी हसत होती, एकमेकांच्या गोणी बघत होती. इतक्या वर्षांत प्रथमच त्यांना कळत होतं, की आपल्याला काहीतरी आपलं असं आहे. जयप्रकाश तर बायकोला दाखवायला म्हणून शिवलेलं एक तोंड कापून घरी घेऊन गेला.

परीक्षा शुक्रवारी ठरली. चौघांनी पाच-पाच गोणी शिवायच्या, प्रियदर्शिनीनं तोवर चहाच्या टपरीवर बाजाराकडे पाठ करून बसायचं. कोणती कुणाची ते फक्त मी लिहून ठेवायचं. मग तिनं ओळखायचं.

इथं माथाडींची एक रीत सांगायला हवी. भरलेली गोणी कुणीही एकट्यानं आपल्या पाठीवर घेऊ शकत नाही. ती चढवायला दुसरा लागतोच. म्हणून कुणी "हात लाव" म्हटलं, की जवळ असेल त्यानं हातातलं सोडून हात लावायचा. कुणाची गोणी, कुठं चालली, का चालली, हे विचारायचं नाही. भांडण असलं तरी हात लावायचा आणि मग भांडण पुढं चालू करायचं. टोळीत आलेल्या पोराला पहिल्या दिवशी हेच शिकवतात.

गुरुवारी दुपारी टपरीवर कान्हानानांनी टोळीला सांगितलं, की पोरीला हात लावायचाय. तिनं आपलं जे जे वळखलंय, ते उद्या नीट, ध्यान देऊन करा. तिला आडायला नको. सगळ्यांनी माना हलवल्या. मी शेजारी बशीत चहा ओतत होतो. मी ऐकलं आणि चहा प्यायलो.

शुक्रवारी जे झालं ते बघायला शेजारच्या तीन गाळ्यांची माणसं आली होती. वीस गोणी रांगेत. प्रियदर्शिनी एकेक पाहत चालली होती. सुरुवातीला हळू, मग भराभर. ही नानांची. ही आबांची. ही कुलदीपदादाची. मी कागदावर खुणा करत होतो आणि खरं सांगतो, माझ्याही अंगावर काटा येत होता. दहा बरोबर झाल्या तेव्हा लोक मोठ्यानं मोजायला लागले. पंधरा. अठरा. विसावी बरोबर आली, तेव्हा कुलदीपनं कांद्याची टोपली उपडी करून तिच्यावर ताल धरला. कुणीतरी जिलेबी आणली. शालन कांद्याच्या सालींतून उठून आली आणि ओल्या हातानंच तिनं लेकीचं तोंड कुरवाळलं. मानसिंगनं पाठीवर दोन गोणी एकदम चढवून घेतल्या आणि ट्रकपर्यंत जवळजवळ पळत गेला. चाळिशी उलटलेल्या माणसानं करायची गोष्ट नव्हती ती.

प्रियदर्शिनीनं जिलेबीचा एक तुकडा खाल्ला आणि हात पुसून ती पट्टी घेऊन परत गोणींपाशी बसली. सर डोळ्यांवर विश्वास ठेवत नाहीत, त्यांना आकडे लागतात, असं म्हणाली.

अर्धा तास ती मोजत होती. मग तेच पुन्हा मोजलं. मग वहीतलं बुधवारचं पान काढून दोन्ही पानं शेजारी ठेवली. मग वही मिटली आणि तशीच बसून राहिली. मी काट्यावरून बघत होतो. तिनं ती वही तशीच मिटून पिशवीत टाकली असती, तर हे प्रकरण तिथंच संपलं असतं. पिशवी तिच्या मांडीवरच होती.

ती उठली आणि माझ्याकडे आली.

"काका, एकच गोणी वीस वेळा काट्यावर ठेवली, तर वीसही वेळा तेच वजन येतं का?"

मी म्हणालो, की शंभर-दोनशे ग्रॅम इकडंतिकडं होतंच.

"आणि एकदाही फरक पडला नाही तर?"

"तर मी वाकून काट्याखाली बघेन. काहीतरी अडकलेलं असणार."

तिनं वही माझ्यापुढं उघडली. बुधवारी कान्हानानांच्या गाठीची शेपटं एक तीन बोटं, एक पाच, एक जेमतेम दोन, अशी होती. शुक्रवारी पाचही बरोबर चार बोटं. कुलदीपचे टाके बुधवारी लहानमोठे होते, शुक्रवारी एकसारखे लांब, जणू पट्टी ठेवून घातलेले. चौघांचं तसंच. ती मला समजावून सांगू लागली. माणसाचा हात असा कधी चालत नाही. आपलीच सही आपण दहा वेळा केली, तर दहा सह्या थोड्या थोड्या वेगळ्या येतात. सह्या अगदी हुबेहूब एकसारख्या आल्या, तर तपासणाऱ्याला पहिला संशय तिथंच येतो.

"यांनी गोण्या शिवल्या नाहीत, काका. यांनी स्वतःची नक्कल केली."

मग ती थांबली आणि मला विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

आठ वर्षांची असताना रिकामा काटा तपासणारी ती मुलगी होती. मी म्हणालो, "होतं."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त मान हलवली आणि टोळीला बोलवा म्हणाली.

टोळी आली, ती तोंडाला जिलेबीचा पाक तसाच घेऊन. तिनं सगळं सांगितलं. कान्हानानांना त्यात चूक काय तेच कळेना. "वीसचे वीस पायजे व्हते ना तुला? दिले की," ते म्हणाले. मानसिंग हळूच म्हणाला, की तिकडं सरांना कोन सांगायला जानार हाय? आणि जागा मिळाली तर पोरगी सहा महिने घरला. त्याच्या मनातलं खरं ते एवढंच होतं, आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं. शालन खाली बघत होती.

"आबा, मलापण घरी यायचंय," प्रियदर्शिनी म्हणाली. "पण उद्या माझ्या सांगण्यावरून कुणीतरी कोर्टात पिंजऱ्यात उभा असेल. त्याचा बाप तुमच्यासारखाच बाहेर बाकावर बसलेला असेल. तेव्हा मी चुकत नाही, हे मला कशावरून कळणार? आज तुम्ही मला ते कळूच दिलं नाहीत."

जयप्रकाशनं तोंड पुसलं. कान्हानानांनी हातातली तंबाखू तोंडात टाकायच्या ऐवजी परत डबीत टाकली. "आमी हात लावला, पोरी," ते म्हणाले.

"माहीतय नाना. पण ही गोणी एकटीनंच उचलायचीय."

"मग आता?"

आता हातात एक दिवस होता. तिनं विचार करायला फार वेळ घेतला नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, की काका, नंबर तुम्ही रोज टाकताच. माणूस शिवतो तेही तुमच्यासमोरच. तुमच्या मनाला येतील त्या वीस गोणी निवडा, कुणी शिवली ते कागदावर लिहा. कोणत्या वीस, कधीच्या, हे टोळीला कळायला नको आणि मलाही नको. मी दहा वाजेपर्यंत बाजाराच्या फाटकाच्या आत पाऊल टाकणार नाही.

शनिवारी दिवाळीनंतरची पहिली मोठी आवक होती. फाटकापासून ट्रकांची रांग. आमच्या गाळ्यावरचा माल अकराला न्हावा शेव्याला जायचा होता, बाहेरदेशी, त्यामुळे कुणालाही श्वास घ्यायला सवड नव्हती. सकाळी पहिला तासभर टोळी माझ्या खडूकडे चोरून बघत होती. नानांनी तर दोन-तीन गाठी कशा मारायच्या याचा इतका विचार केला, की मागं गोण्या तुंबल्या आणि मानसिंगनं त्यांना झापलं. तो तास मी सोडून दिला. आठ वाजले, ऊन आत आलं, ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली, आणि मग कुणाला टाक्याची आठवण राहिली नाही. गोणी, दाभण, गाठ, दात, पाठ. गोणी, दाभण, गाठ. तेव्हा मी माझा कागद खिशातून काढला.

साडेनऊच्या सुमारास एक गोणी काट्यावरून उतरून उघड्या तोंडानं उभी राहिली. कुलदीप पाणी प्यायला गेला होता, बाकी तिघं पाठीवर ओझं घेऊन ट्रककडे. मागून हॉर्न. शालन निवडायला बसली होती ती उठली, पडलेलं दाभण उचललं, गोणी शिवली आणि परत जाऊन बसली. कुणाला दिसलंसुद्धा नाही. खडू माझ्या हातात होता. ती चौघांतली नव्हती, म्हणजे ती गोणी परीक्षेत धरायची नाही, असं एकदा मनात आलं. मग मी विचार केला, की खऱ्या गुन्ह्यात माणसं अशी चारच्या चार ओळीत उभी असतात थोडीच. मी गोणीवर नंबर टाकला आणि कागदावर अकराव्या जागी ती लिहिली.

दहाला प्रियदर्शिनी आली. अकराच्या ट्रकसाठी रचलेल्या थप्पीतून वीस गोणी ओढून काढल्या तेव्हा टोळीला कळलं, की परीक्षा झालेली आहे. कुलदीप कपाळावर हात मारत म्हणाला, की सकाळपासून मी काय शिवलं, मलाच आठवत नाही. तिला आनंद झाला. ते ऐकायलाच ती आली होती.

या वेळी ती भराभर चालली नाही. प्रत्येक गोणीला पट्टी, प्रत्येक गोणीला भिंग. गाठीच्या आत सुतळी कोणत्या बाजूनं वळते, ओढ किती, पहिलं भोक कुठं पडलंय. ती नाव सांगायची, मी तोंडावरची रेघ न हलवता कागदावर खूण करायचो. आज कुणी मोठ्यानं मोजत नव्हतं, कारण बरोबर की चूक हे मी सांगतच नव्हतो. शेजारच्या गाळ्यांची माणसं आज कुठं होती आठवत नाही, पण मला आजूबाजूचा बाजार ऐकू येत नव्हता, एवढं खरं.

अकराव्या गोणीशी ती थांबली.

तिनं टाके मोजले. मग परत मोजले. भिंग घेऊन गाठीशी नाक लावलं. उठून चौथ्या गोणीकडे गेली, सातव्याकडे गेली, परत अकरावीकडे आली. तोवर अकराला निघायचा ट्रक पुढं घेतला होता आणि ड्रायव्हर खाली उतरून, ही बाई कस्टमची आहे का, असं विचारत होता. कुलदीपनं त्याला गप्प केलं. कान्हानाना म्हणाले, "आडली बघा सीआयडी. अगं, चारातलं एक नाव घ्यायचंय, टाक चिठ्ठी."

तिनं ऐकलं नाही. ती गोणीसमोर उकिडवी बसली होती. मला दिसत होतं, की तिला एखादं नाव घ्यायचा मोह होतोय. कुठलंही नाव घेतलं तर चौथा हिस्सा तरी शक्यता. मी हातातला कागद काट्यावर टेकवला.

"ही चौघांपैकी कुणाचीच नाही," ती म्हणाली.

"मग काय भुतानं शिवली?" नाना.

"कुणी ते मला माहीत नाही. पण यांची नाही. टाका आतून बाहेर आलाय, चौघंही बाहेरून आत घालतात. आणि गाठ जवळजवळ नाहीच, सुतळी टाक्याखाली फिरवून दाबलीय."

मी खूण केली आणि पुढची म्हणालो.

वीस संपल्या. मी कागद उघडून एकेक नाव वाचलं. सतरा बरोबर, तीन चुकल्या. तिन्ही एकाच तऱ्हेनं चुकल्या होत्या. तिनं मानसिंग म्हटलं होतं आणि शिवणारा निघाला कुलदीप. कुलदीप अठराव्या वर्षी गावाहून आला तेव्हा त्याच्या हातात दाभण मानसिंगनंच दिलं होतं. पुढं त्यानं आपला लांब टाका काढला, पण ट्रक दारात उभा राहिला की हात पहिल्या शिकलेल्या वळणावर जात होता. हे कुलदीपला स्वतःला माहीत नव्हतं. तो ती तीन तोंडं हातानं चाचपून बघत राहिला.

सतरातली एक अकरावी होती, तिचं नाव मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. "शालन," मी वाचलं.

सगळ्यांनी वळून बघितलं. शालन कांद्यांमध्ये बसली होती, तिच्या डोक्यावरच्या पदराला साली चिकटल्या होत्या. ती इतकी लाजली, की तिनं हातातला चांगला कांदा खराब मालात टाकला.

"अगं, वळखला न्हाईस?" ती लेकीला म्हणाली. "रोज त्याच टाक्याखाली झोपतीस की."

वाकळेचा टाका होता तो. प्रियदर्शिनी जागच्या जागी उडी मारून आईकडे धावली. सतरा, सतरा, असं काहीतरी ओरडत होती, आणि आईच्या गळ्यात पडल्यावर कांदे सगळीकडे घरंगळले. कान्हानाना मला म्हणाले, "मापाडी, काल वीस आल्या तवा जिलेबी गपगुमान खाऊन पट्टी घिऊन बसली, आज तीन चुकल्या तर नाचतीय. ह्या शिक्शनाचं काय सांगता येत न्हाई."

कॅमेऱ्याच्या रोलमध्ये बारा फोटो उरले होते. तिनं पहिले तीन त्या चुकलेल्या गोण्यांचे काढले, मग चार अकरावीचे. उरलेल्या पाचात बरोबर आलेल्या गोण्या. माणसांचा एकही नाही, म्हणून टोळी जरा रुसली. अकरा वाजून दहा मिनिटांनी त्या वीस गोण्या ट्रकवर चढल्या आणि बंदराकडे गेल्या. त्या उघडणाऱ्या परदेशातल्या कुणालाही कळलं नसेल, आपण काय कापलं ते.

रविवारी तिनं घणसोलीच्या खोलीत बसून अहवाल लिहिला. मला वाचायला दिला, कारण आकडे पुन्हा तपासायला कुणीतरी हवं होतं. पहिल्याच पानावर तिनं शुक्रवारची गोष्ट लिहिली होती. वीसपैकी वीस, ही परीक्षा रद्द, आणि का रद्द. चूक माझी, असंही लिहिलं होतं, कारण कुणाची काय खूण ते मी सगळ्यांसमोर बोलून दाखवलं. मापाड्याला ठाऊक असून तो गप्प बसला, हे तिनं लिहिलं नव्हतं. मी पेन मागून घेतलं आणि ते वाक्य समासात माझ्या हातानं लिहिलं. तिनं वाचलं आणि खोडलं नाही.

त्यानंतर तीन आठवडे काही कळलं नाही. मानसिंग गाळ्यावरच्या फोनजवळून जाताना दर वेळी त्याच्याकडे बघायचा. फळीवरची रिकामी जागा तशीच होती, शालननं डबे परत लावले नव्हते. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एक दिवस दुपारी फोन वाजला आणि मी घेतला. एसटीडी बूथवरून ती इतक्या जोरात बोलत होती, की रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला.

जागा तिला मिळाली होती. सरांनी सतराबद्दल फारसं विचारलंच नाही. त्यांनी तासभर शुक्रवारबद्दल विचारलं. माणसाला आपल्यावर नजर आहे हे कळलं की त्याचा हात कसा बदलतो, आणि बदललेला हात पट्टीनं कसा ओळखायचा, हाच तिच्या प्रबंधाचा विषय ठरला होता. प्रयोगशाळेत याच कामासाठी संशयास्पद सह्या आणि पत्रं तिला बघायला मिळणार होती. जानेवारीच्या एक तारखेला ती घरी येणार होती.

मी ते टोळीला सांगितलं. मानसिंग काट्याजवळच खाली बसला आणि डोक्यावरचं फडकं काढून त्यानं तोंड पुसलं. मग पुन्हा पुसलं. कान्हानानांनी सगळं दोनदा नीट ऐकून घेतलं आणि ते टोळीकडे वळले.

"म्हंजे जागा मिळाली ती आमच्या खोटेपनावर," ते म्हणाले. "खरं वागलो असतो तर पोरीचा इषयच बुडाला असता. पुस्तकावर माझं नाव घालाय सांगा तिला."

तेव्हापासून नाना गोणी शिवताना मध्येच थांबायचे आणि मी बघतोय का ते बघायचे. म्हणून मी काट्याच्या आकड्यांकडे तोंड करून बसायला लागलो. मी बघत नाही अशी खात्री झाली, की मागं दाभणाचा आवाज सुरू व्हायचा, आणि एक गाठ, मग दुसरी, मग दातानं सुतळी तोडल्याचा आवाज यायचा.